पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची परवानगी कशाला?

निरंजना

बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढायची तर डॉक्टरांना आधी जिल्हा शल्यचिकित्सकाची, म्हणजे सिव्हिल सर्जनची, परवानगी घ्यावी लागते. हा नियम का आला ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात अशा बातम्या 2019 मध्ये आल्या, विधिमंडळात गाजल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. जवळपास सहा जणींमागे एक. चाळिशी न गाठलेल्याही त्यात पुष्कळ होत्या.

हे भयंकर आहे यात वाद नाही. मला पटत नाही तो त्यावर काढलेला उपाय. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीराबाबत तिसऱ्या माणसाने सही करायची, हे कुठल्या न्यायात बसतं? सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा एक निकाल आहे. दिल्लीतली एक अविवाहित बाई पोटात दुर्बीण घालून फक्त तपासणी करायची संमती देऊन टेबलावर गेली. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय सगळं काढलं. न्यायालय म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई थोड्या वेळाने शुद्धीवर येणारच होती, तेव्हा आईची संमती चालणार नाही. जिथे जन्मदात्या आईची सही पुरत नाही, तिथे सरकारी अधिकाऱ्याची सही सक्तीची कशी होते?

याचा अर्थ फॉर्मवर अंगठा उठला की झालं, असं मी म्हणत नाही. त्याच निकालात संमती म्हणजे काय तेही सांगितलंय: शस्त्रक्रियेचं स्वरूप, तिला पर्याय, मोठे धोके, आणि केली नाही तर काय होईल, एवढं रुग्णाला सांगायलाच हवं. बीडच्या बायकांना काय सांगितलं गेलं? "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल." अंगावरून पांढरं जाणं पुष्कळदा संसर्गाने होतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं, हे कितींना कळलं?

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने 1971 मध्ये मांडलेली न्यायाची कसोटी इथे लावून बघा. जन्म कुठल्या घरात मिळणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवायचे आहेत. साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरी, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या घरी, की उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी) घेतलेल्या ऊसतोड जोडप्याच्या पोटी? आजारपणात एक दिवस बुडाला तर खाडा कापला जातो आणि खाडा टाळायचा सर्वात खात्रीचा उपचार म्हणजे पिशवीच काढणं, अशी व्यवस्था कोण मान्य करेल? रॉल्सने माणसं आयुष्यभर धडधाकट असतात असं धरून सिद्धांत मांडला होता. नॉर्मन डॅनियल्सने 1985 मध्ये तो आरोग्यापर्यंत नेला: तब्येत गेली की माणसाच्या संधी जातात, म्हणून आरोग्यसेवा हा न्यायाचा प्रश्न. तसं पाहिलं तर अन्याय शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरूच होत नाही. तो उसाच्या फडात सुरू होतो, जिथे पाणी नाही, संडास नाही, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) कपडा बदलायला आडोसा नाही. परवानगीचा नियम यातल्या कशालाच हात लावत नाही, तो थेट शेवटच्या दारात बाईला अडवतो.

माझ्या मते परवानगी काढून टाकावी आणि हिशोब डॉक्टरांकडून घ्यावा. काढलेली प्रत्येक पिशवी पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे आणि कुठल्या दवाखान्यात कुठल्या वयाच्या किती काढल्या हे जाहीर झालं पाहिजे.

बालाघाट

ताई, मी याच भागात प्रॅक्टिस करतो, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. परवानगीचा त्रास होतो हे खरं. पिशवीत गाठी असलेली, हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई समोर असते आणि कागद अडकलेला असतो. अशा बाया मग शेजारच्या जिल्ह्यात जातात. त्यामुळे परवानगीबद्दल तुमच्याशी सहमत.

पण सगळं डॉक्टरच्या माथी मारलंत ते पटलं नाही. माझ्या ओपीडीत दसऱ्याच्या आधी, तोडीला निघण्यापूर्वी, बाया येतात त्या निर्णय घेऊनच. "डॉक्टर, गाडी भरायच्या आत काढून टाका." मी सांगतो, तीन महिने गोळ्या घ्या, मग बघू. ती म्हणते, तीन महिने मी कर्नाटकात फडात असणार, तिथे दाखवायला कोण नेणार? यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मी नाही म्हटलं तर ती दुसरीकडे जाते आणि तिथे काढली जाते. घाबरवून पैसे उकळणारे आमच्यात आहेत, त्यांचं लायसन्स जावं असं मलाही वाटतं. पण उद्या सगळे डॉक्टर सज्जन झाले तरी ही रांग कमी होणार नाही.

आणि जबाबदारी कुणाची ते न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलंय. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. निकाल असा की वेळेवर उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. तर सरकारने हंगामात फडावर स्त्रीरोगतज्ज्ञ पाठवावा. तो खर्च नको म्हणून परवानगीचा कागद काढलाय.

रोहन

दोघांनाही माझा विरोध. परवानगी राहिली पाहिजे.

स्वातंत्र्याचा कैवारी म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जॉन स्टुअर्ट मिलचंच उदाहरण देतो. एखादा माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल ठेवतोय, त्याला कल्पना नाही आणि सांगायला वेळ नाही. त्याला धरून मागे ओढलं तर त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नसते. तिशीतल्या बाईला पिशवी आणि अंडाशय काढल्यावर काय होतं ते माहीत नाही. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, पाळी अकाली जाते. माहीत असतं तर कितीजणी टेबलावर गेल्या असत्या?

निरंजना, तुम्ही म्हणता तो हिशोब पिशवी गेल्यावरचा. दोन वर्षांनी एखाद्या दवाखान्याला टाळं लागेल, पण त्या बाईचं काय? पिशवी परत बसत नाही. शंभरातल्या दहा जणींना पंधरा दिवस ताटकळावं लागलं आणि त्या बदल्यात चाळीस जणींची पिशवी वाचली, तर मी तो सौदा स्वीकारेन. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण निवड अशीच असते.

निरंजना

मिलचं पुढचं वाक्यही लक्षात घ्या ना. पडणं निश्चित नसेल, नुसता धोका असेल, तर धोका पत्करायचा की नाही हे त्याचं तोच ठरवणार. आपण त्याला सावध करायचं, अडवायचं नाही. बाईला माहिती नाही हीच अडचण असेल तर माहिती द्या. परवानगी मागतो डॉक्टर, देतो शल्यचिकित्सक. या देवघेवीत बाईच्या ज्ञानात कशाने भर पडते?

शिवालिक

मला इथला सूरच खटकतो. सगळे गृहीत धरून चालले आहेत की त्या बाईचा निर्णय हा खरा निर्णयच नाही. का? ती गरीब आहे म्हणून? तिने दोन-तीन मुलं झाल्यावर, दर महिन्याचा त्रास आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करून ठरवलं. पुण्यातल्या बाईने नोकरीसाठी मूल पुढे ढकललं तर तिला आपण विचारी म्हणतो आणि ऊसतोड बाईला मात्र पालक नेमतो.

तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने 1974 मध्ये रॉल्सला हेच सांगितलं: कुणी बळजबरी केली नसेल, फसवलं नसेल, तर निकाल आपल्याला आवडला नाही म्हणून व्यवहार अन्यायाचा ठरत नाही. फसवणूक झाली तिथे फौजदारी लावा. बाकी बायकांच्या वाटेतून बाजूला व्हा.

धारूरची लेक

मी जीएनएम नर्स आहे. माझे आईवडील पंचवीस वर्षं ऊस तोडायला जायचे, मीही लहानपणी कोपीवर वाढलेली. आईची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. तेव्हा कुणी तिच्यावर जबरदस्ती केली का? नाही. कुणी फसवलं का? ते आईला आजही सांगता येणार नाही. म्हणून शिवालिकदादा, तुमची कसोटी तिला लागूच होत नाही.

खाडा काय असतो ते आधी सांगते, कारण इथे शब्द आला आणि पुढे निघून गेला. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर एकत्र. बाई पाळीमुळे एक दिवस कोपीत पडून राहिली तर कोयता अर्धा झाला म्हणून दंड, तो उचलीतून फिरतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तरी भरायची. अंगावरून जात असताना हे करून बघा असं मी कुणाला म्हणणार नाही, पण निदान डोळ्यांसमोर आणा. आईने निर्णय घेतला तो दंड आणि रक्त यांच्यातला. तिसरं काही तिच्यापुढे नव्हतं. अमर्त्य सेन म्हणतात की माणसाला काय मिळालं यापेक्षा त्याला खरोखर काय काय करता येणं शक्य होतं ते मोजा. आईच्या बाबतीत मोजलं तर हाताशी काही लागत नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरच्या पत्र्याच्या पेटीतलं तिचं डिस्चार्ज कार्ड वाचलं. इंग्रजीत लिहिलेलं. त्यात दोन्ही अंडाशय काढल्याचं होतं. आईला पिशवी काढल्याचं माहीत होतं, अंडाशयाचं नाही. अंगाची आग, गुडघे, रात्रीची झोप उडणं, हे सगळं ती वयाचं म्हणून काढत होती. चाळिशीही उलटली नव्हती तेव्हा.

निरंजनाताई, तुमचं बाकी सगळं मान्य, परवानगीचं मात्र नाही. आमच्या वस्तीवर त्या कागदाने एक गोष्ट झाली. बाईला नवऱ्याला आणि सासूला सांगायला कारण मिळालं: "सरकार परवानगी देईना." तिची स्वतःची ना चालत नव्हती, सरकारची चालली. तुम्ही म्हणता अधिकारी तिच्या जागी निर्णय घेतो. पण त्याच्या आधी तरी तो निर्णय तिच्या एकटीचा कुठे होता?

निरंजना

धारूरची लेक, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तरीही मी अडून राहते, कारण जो कागद आज सासूला थांबवतो तोच उद्या गाठीने रक्त जाणाऱ्या बाईलाही थांबवतो, वर डॉक्टरांनी सांगितलंच. तुम्हाला हवाय तो वेळ आणि तिला आधार देणारं माणूस. ते परवानगीशिवाय देता येईल. तातडी नसेल तिथे ठरावीक दिवस थांबणं सक्तीचं करा आणि मधल्या काळात सरकारी रुग्णालयातल्या बाई डॉक्टरचं मत फुकट मिळू द्या, नवरा आणि सासू बाहेर बसवून. मत ऐकल्यावर हो की नाही ते तिने ठरवावं. अधिकाऱ्याला नकाराचा अधिकार नको.

बालाघाट

कागदावर छान आहे, ताई. पण बाई डॉक्टर कुठून आणणार? ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञाची जागा रिकामी असते. मग तिला अंबाजोगाईला स्वारातीला (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला) जावं लागणार, म्हणजे जाऊन येऊन एका दिवसाची मजुरी आणि सोबतच्या माणसाची वेगळी. ज्या दिवशी दुसऱ्या मताचा खर्च तिच्या खिशातून निघतो, त्या दिवशी ते मत घ्यायला ती जात नाही. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला सुमारे 39 टक्के भाग 2021-22 मध्येही लोकांच्या खिशातूनच गेला होता. फुकट म्हणता त्यात प्रवास आणि बुडालेला दिवस धरा.

रोहन

म्हणूनच म्हणतो, तुमची व्यवस्था उभी राहीपर्यंत परवानगी काढू नका. आधी ते उभं करा, मग हे पाडा.

शिवालिक

धारूरची लेक, तुमच्या आईला अंडाशयाचं सांगितलं नाही, ही माझ्या व्याख्येनेही फसवणूकच आहे. तिथे माझा तुम्हाला विरोध नाही. पण खाडा हा मजुरीच्या कराराचा प्रश्न आहे. तो सोडवायला दवाखान्यात पहारा कशाला बसवता?

धारूरची लेक

कारण दवाखान्यात निदान रजिस्टर तरी असतं, दादा. खाड्याचं काय असतं? मुकादमाची वही. तो प्रश्न मजुरीचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे, मग तिथूनच धरा. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा कापायचा नाही, हे उचलीच्या करारात कारखान्याने लिहून द्यावं आणि कापला तर कारखान्याने भरावं, मुकादमाने नाही. उचलीचा पैसा मुळात कारखान्याकडूनच येतो.

आणि डिस्चार्ज कार्ड मराठीत. काय काढलं, काय ठेवलं, पुढे काय त्रास होऊ शकतो, कुठल्या गोळ्या लागतील. शाळेत पाचवी-सहावीत जाणारं पोरगं घरात असतं, ते वाचून दाखवतं. याला ना नवा तज्ज्ञ लागतो ना निधी. डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्यात हे उद्यापासून करता येईल का?

बालाघाट

येईल. मजकूर तुम्ही लिहून द्या, मी छापून घेतो. अंडाशयाची ओळ सगळ्यात वर ठेवू.