फिश अँड चिप्स वाईट निघाले, पैसे परत मिळतील का?

साधाप्रश्न
काल संध्याकाळी इथल्या एका फिश अँड चिप्सच्या रेस्टॉरंटात जेवलो. आवरण वरून कुरकुरीत, पण खाली कच्च्या पिठाचा पांढरा थर. मासा पाणचट. चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप, तपकिरी आणि लिबलिबीत. विचारलं तर म्हणे आमच्याकडे असेच असतात. पैसे कसे परत मागायचे? शनिवारी सासू-सासऱ्यांना तिथेच न्यायचंय, चालत जाण्याजोगं दुसरं काही नाही. काय सांगून मागवू? लवकर सांगा.

खाडीकाठ
शहर कोणतं? बसून खाल्लंत की डब्यातून घरी आणलंत? मासा कोणता होता? बंद डब्यात दहा मिनिटं ठेवलं तर चांगलं आवरणही वाफेने मऊ पडतं.

साधाप्रश्न
बसूनच खाल्लं. मेनूत नुसतं 'फिश' लिहिलंय. शहराचा काय संबंध?

तळणघर
कच्चा थर राहतो तो मुख्यतः तीन कारणांनी. गोठवलेला फिले, म्हणजे माशाचा बिनकाट्याचा तुकडा, पुरता वितळून टिपून घेतला नाही, तर सुटणारं पाणी खालचं पीठ शिजू देत नाही. बॅटर, म्हणजे भिजवलेलं पीठ, घट्ट असेल तरी तेच. ते गार आणि सायीच्या दुधाइतकं पातळ हवं, शिवाय फिलेला आधी कोरडं पीठ चोळायला हवं, नाहीतर बॅटर धरत नाही. तिसरं, तेल. १८० ते १८५ अंश हवं. गर्दीत एकदम खूप तुकडे सोडले की तापमान कोसळतं आणि आवरण तेल पितं. म्हणून गर्दी व्हायच्या आधी जा आणि 'ताजा तळून द्या, थांबतो' असं सांगा. गरम कपाटात ठेवलेला नको.

चिप्सचा दोष बटाट्याचा. फ्रिजइतक्या थंडीत ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, रंग लवकर चढतो आणि आत शिजायच्या आधीच बाहेर काढावा लागतो. मारिस पायपरसारखा पिठूळ बटाटा १३०-१४० अंशांत एकदा, निथळून गार करून १८०-१९० अंशांत पुन्हा, असा तळला तर चिप्स लिबलिबत नाहीत.

रवाप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? रवा आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर परता. बॅटर हाच मूळ दोष.

तळणघर
बोंबलाला ते ठीक, तोही वजनाखाली दाबून पाणी काढल्यावर. कॉडचा जाड फिले बॅटरच्या आत वाफेवर शिजतो, रव्याने तसं बंद कवच होत नाही. आणि त्यांनी रेस्टॉरंटचं विचारलंय.

हिशेबी
क्रेडिट कार्डाने दिलेत ना? ब्रिटनच्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ लावा, बँक पैसे देते.

खाडीकाठ
कलम ७५ ला वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर लागते, इथे लागू नाही. ग्राहक हक्क कायदा २०१५ धरा: अन्न समाधानकारक दर्जाचं आणि वर्णनाप्रमाणे हवं. पण तक्रार ताटात अन्न असताना करायची. किती खाल्लंत? फोटो आहे का? असेल तर मॅनेजरला लेखी कळवा, निदान काही रक्कम मागा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक लिहिला असेल तर पुढच्या वेळी तो नाकारता येतो. कॉड की हॅडॉक हेही विचारा. कॉडचे मोठे पदर सुटतात. एकसंध, मऊ लागला तर पंगॅशियस (बासा) असू शकतो. कॉड सांगून तो दिला तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला कळवा, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे, पाठवतात.

वाटाणा
सोबतच्या मशी पीजसाठी (शिजवून घोटलेले वाटाणे) मॅरोफॅट, म्हणजे मोठे वाळवलेले वाटाणे एक चमचा खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून मंद शिजवा. डब्यातले घेऊच नका.

साधाप्रश्न
वाटाणे कुणी विचारले? फोटो नाही, अर्ध्याहून जास्त खाल्लं. लीड्सला आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांना फक्त चिप्स देणार.

तळणघर
अहो, हे आधी सांगायचं! यॉर्कशायरात बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात, चिप्ससुद्धा. आजच फोन करा: चिप्स कशात तळता, आणि वनस्पती तेल असेल तर माशापेक्षा वेगळा फ्रायर आहे का? दोन्हींची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर सासूबाईंना तिथले चिप्स देऊ नका.