मदत हवी आहे: अंगणात येणारी रानगाढवं (परम्प, नेवाडा)

नमस्कार मंडळी,

आम्ही लास व्हेगासहून परम्पला राहायला आलो आहोत. डोंगर ओलांडून पश्चिमेला, साधारण ६० मैलांवर. घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागे कुंपण नाही, थेट वाळवंटच सुरू होतं. तिकडून गाढवांची टोळी येते. करडा रंग, पांढरं तोंड, पाठीवरून खांद्यांवर उतरलेली काळी फुली. एका मोठ्या गाढविणीबरोबर शिंगरूही आहे. ठिबकची नळी चावून फोडतात आणि गळणारं पाणी निवांत पीत बसतात. पहाटे एक नर रेकायला लागला की सगळी गल्ली जागी.

ही कुणाची पाळीव नाहीत, एवढं कळलं आहे. खाणकामगारांनी ओझ्यासाठी आणलेली जनावरं, खाणी बंद पडल्यावर मोकळी सोडली, त्यांची ही पिलावळ.

अडचणी अशा: शेजारच्या आजी त्यांना गाजरं घालतात, त्यामुळे ती आमच्याही दाराशी येऊन उभी राहतात. आमचा कुत्रा त्यांना बघून पिसाळल्यासारखा भुंकतो. नवऱ्याची रात्रपाळी व्हेगासला, त्यामुळे हायवे १६० वरून अंधारात येणं-जाणं. आणि सध्या सासू-सासरे आले आहेत. सासरे सासवडचे. पौष पौर्णिमेचा जेजुरीचा गाढवांचा बाजार ते लहानपणापासून बघत आलेत. त्यामुळे "दुवान आहे का चौवान, बघून सांगतो" म्हणत, दातांवरून वय ओळखायला थेट तोंडात हात घालायला निघतात! सासूबाई रोज एक पोळी बाजूला काढून ठेवतात. "मुकं जनावर आहे, उपाशी कसं पाठवायचं?"

हाकलायचं कसं? हाकललेलं कायद्याने चालतं का? आणि ज्येष्ठांना समजवायचं कसं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

— वाळवंटातली_वहिनी

प्रतिसाद

निवडुंग: हाकलायच्या आधी कायदा वाचून घ्या. १९७१ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी जमिनीवरच्या रानघोड्यांना आणि रानगाढवांना संरक्षण आहे. छळणं, पकडणं, मारणं हा गुन्हा. मूळ कायद्यातच २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलं आहे. जनावर तुमच्या खाजगी जागेत आलं तरी ते 'आपलं' होत नाही. मात्र ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटला (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं) कळवलं, तर ते हलवण्याची जबाबदारी त्यांची. म्हणजे दगड मारणं, कुत्रा अंगावर सोडणं, गाडीने पिटाळणं यातलं काहीच नको. लांबून टाळ्या वाजवा, आवाज करा, आणि पाणी बंद करा. खरं कारण पाणीच आहे. ठिबकची नळी पुरून टाका किंवा वरून जाळी घाला, गळके नळ दुरुस्त करा.

पाण्याच्या बाबतीत ही जनावरं भलतीच हुशार. कोरड्या नाल्यात खुरांनी उकरून भूजलापर्यंत पोचतात. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये यावर अभ्यास आला होता. घोड्या-गाढवांनी उकरलेल्या अशा खड्ड्यांवर वाळवंटातले इतर प्राणी-पक्षीही पाणी प्यायला येतात, असं त्यात दिसलं. तुमच्या मऊ नळीचं त्यांना काय अवघड?

खुरपत्री: मी भारतात पशुवैद्यक होतो, इथे दुसऱ्या व्यवसायात आहे, त्यामुळे हा फक्त अनुभवाचा सल्ला.

सासऱ्यांना आधी थांबवा. जेजुरीच्या बाजारातलं गाढव माणसाच्या हाताखाली वाढलेलं असतं, तोंड उघडून दात दाखवतं. या टोळीला माणसाचा हात म्हणजे फक्त खाऊ. खाऊ मिळाला नाही की चावतात. कान मागे चिकटवले आणि पुठ्ठा तुमच्याकडे फिरवला, तर लाथ येते आहे असं समजा. शिंगराच्या आणि आईच्या मध्ये कधीही उभं राहू नका. दोन नर भांडत असतील तेव्हा तर घरातच बसा.

कुत्र्याबद्दल जास्त काळजी घ्या. गाढवांना कुत्र्याच्या जातीचं जनावर मुळातच खपत नाही. काही मेंढपाळ तर कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखण म्हणून कळपात गाढव ठेवतात. पट्टा सुटलेला कुत्रा धावत गेला तर ती पळणार नाहीत, उलटून अंगावर येतील.

पोळीबद्दल सासूबाईंना माझ्या वतीने सांगा: गाढवाचं पोट निकस, वाळलेल्या चाऱ्यासाठी घडलेलं आहे. पिष्ट आणि गोड खाऊन ते सुटतं, खूर सुजतात, पोटशूळ उठतो. उपाशी नाहीये ते. आणखी एक, अंगणात कण्हेर आहे का? या भागात शोभेला फार लावतात. छाटलेल्या फांद्या अंगणाबाहेर टाकू नका. वाळलेली पानंसुद्धा विषारी असतात.

घाटमाथा: पण ओटमनला तर लोक सर्रास खायला घालतात! आम्ही ॲरिझोनात जुन्या रूट ६६ वरून गेलो होतो, भर रस्त्यात गाढवं गाडीच्या काचेत तोंड घालतात. दुकानातच चारा विकत मिळतो. आणि ही आपल्या कच्छच्या रणातल्यासारखीच का?

निवडुंग: कच्छची घुडखर ही वेगळी जात, मूळचीच रानटी, तिथलीच. ही मात्र पाळीव गाढवाचीच औलाद. मूळ आफ्रिकेतलं, स्पॅनिश लोकांनी या खंडात आणलं, पुढे खाणींवर राबलं.

ओटमनचं उदाहरण घेऊ नका. तिथल्या लहान शिंगरांच्या कपाळावर खायला घालू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली असते, यावरूनच काय ते समजा. व्हेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनच्या रस्त्यावर खायला घालायला बंदीच आहे. कारण सरळ आहे: गाडी थांबली की खाऊ, हे एकदा डोक्यात बसलं की गाढव गाडीपासून दूर जात नाही, गाडीकडे येतं. वहिनी, तुमच्या मिस्टरांचा प्रश्न आणि आजींची गाजरं हा एकच प्रश्न आहे. शेजारणीशी बोलताना कायद्याचा धाक दाखवू नका, त्या गाजराने गाढव हायवेवर जातं एवढंच सांगा.

१६० वर: करडं अंग अंधारात दिवे पडेपर्यंत दिसत नाही. एक ओलांडून गेलं की मोकळं झालं असं धरू नका, मागून टोळी येते. वेग कमी आणि समोर गाडी नसेल तेव्हा मोठे दिवे. विम्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घेतलंय का बघा. जनावराला धडकून झालेलं नुकसान त्यात येतं, नुसत्या 'कोलिजन'मध्ये धरू नका.

वाळवंटातली_वहिनी: सगळ्यांचे मनापासून आभार. विमा आजच तपासते. सासूबाईंना 'खूर सुजतात' हे लगेच पटलं, कायदा पटला नाही. पण सासऱ्यांनी आता नवीनच काढलंय: सरकार ही गाढवं दत्तक देतं म्हणे, १२५ डॉलरला. एक घेऊन टाकू म्हणतात.

खुरपत्री: देतं. पण एका जनावराला किमान ४०० चौरस फूट जागा आणि साडेचार फूट उंच कुंपण लागतं. मालकीचा कागद लगेच मिळत नाही, वर्षभर नीट सांभाळलं हे दाखवावं लागतं. सासरे परत सासवडला कधी जाणार आहेत, ते आधी विचारा.