पिकअपचं डाव्या बाजूचं पुढचं बेअरिंग सारखं सारखं जातंय, नेमकं काय बघू?

ओतूरचा_टोमॅटोवाला

राम राम मंडळी. पिकअप आहे २०१८ ची, बीएस फोर, पुढे डिस्क ब्रेक, ड्राइव्ह मागच्या चाकांना. टोमॅटोच्या सीझनला नारायणगावला माल भरायचा आणि आळेफाटा, ओतूर, माळशेज करत कल्याणला खाली करायचा, बाकीच्या वेळेला कांदा, खत, जे मिळेल ते. पुढचं डावं बेअरिंग काही टिकेना झालंय. नवीन टाकलं की थोडे दिवस गाडी एकदम शांत चालते, मग चाळीसच्या पुढे घुंऽऽ असा आवाज सुरू होतो, उजवीकडे वळण घेतलं की वाढतो, डावीकडे घेतलं की कमी होतो. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट लागतं. मग परत बेअरिंग. उजव्या बाजूचं मात्र गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नाही, ते अजून ठणठणीत आहे.

गॅरेजवाला म्हणतो ओव्हरलोड आणि खड्डे, दुसरं काही नाही. मला ते पटत नाही कारण खड्डे काय फक्त डाव्या चाकाला लागतात का. पावसाळा तोंडावर आलाय, घाटात धुकं असतं, रस्त्यावर वरून पाणी पडत असतं, अशात चाक जाम झालं किंवा निघालं तर काय होईल या विचाराने झोप लागत नाही. घरातलं माणूस बरोबर असतं कधीकधी. कोणी असं भोगलं असेल तर नीट सांगा, नुसतं ओरिजिनल टाका एवढं सांगू नका, ओरिजिनल पण टाकून झालंय.

सातारी_ड्रायव्हर

किती कॅरेट भरता भाऊ? वीस किलोचं कॅरेट धरलं तर शंभर कॅरेट म्हणजे दोन टन नुसता माल, कॅरेटचं वजन वेगळंच. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेलं वजन, किती आहे बघा आधी. आणि मालाचं वजन केबिनकडे ठेवलं की पुढच्या अॅक्सलवर येतं, घाट उतरताना तर आणखी.

ओतूरचा_टोमॅटोवाला

पासिंगपेक्षा जास्त होतं कधीकधी, खोटं नाही बोलत, बाजार चांगला असला की ऐंशीचे शंभर होतात. पण उजवं का जात नाही मग?

लेथवाला_अण्णा

हाच प्रश्न बरोबर आहे आणि तो सोडू नकोस. लोडने आयुष्य कमी होतं हे खरंच, डावं चाक रस्त्याच्या कडेला असतं म्हणून साइडपट्टीवर उतरणं, कडेच्या पाण्यातून जाणं त्याच्या वाट्याला जास्त येतं हेही खरं. पण तेवढ्याने एका बाजूचं दर सीझनला आणि दुसऱ्या बाजूचं कधीच नाही असा फरक पडत नाही. एकाच कोपऱ्यात सारखं जातंय म्हणजे खराबी बेअरिंगमध्ये नाही, बेअरिंग जिथे बसतं तिथे आहे किंवा त्याच्या शेजारी आहे. नवीन बेअरिंग आणून तू त्याच बिघाडाला परत खायला घालतोयस.

जुनं बेअरिंग फेकलं नाहीस ना? ते डिझेलमध्ये धू, उन्हात धरून बघ आणि इथे लिही. तुझ्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतील, आतलं मोठं, बाहेरचं लहान. प्रत्येकाचे दोन भाग, रोलरवाला कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेला कप. आता काय बघायचं ते सांगतो. रोलर किंवा कपाच्या वाटेवर खवले निघाल्यासारखे खड्डे असतील तर ते थकून गेलंय, लोड किंवा जास्त कसलेला नट. लालसर गंज आणि काळे डाग असतील तर पाणी गेलंय, मग सील बघ. निळा-जांभळा रंग चढला असेल तर उष्णता. बेअरिंगचं स्टील निळं पडायला ३०० डिग्रीच्या आसपास जावं लागतं आणि तिथे गेलं की त्याची कडकाई संपली, मग ते किती का महागाचं असेना. कपावर रोलरच्या अंतराने आडवे ठसे असतील तर बसवताना हातोडा चुकीच्या जागी मारलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी बघत नाही, कपाची बाहेरची बाजू बघ. ती नवीन असताना जशी दिसते तशीच राहिली पाहिजे. तिथे गोल गोल ओरखडे असतील किंवा आरशासारखी चकाकली असेल तर कप हबमध्ये फिरतोय.

ओतूरचा_टोमॅटोवाला

अण्णा मागच्या वेळचं ठेवलंय शेडमध्ये, आत्ता धुऊन बघितलं. बाहेरच्या लहान बेअरिंगचे रोलर निळसर आहेत, जाळी पण. आतल्याला रंग कमी, पण ग्रीस काळं पडून डांबरासारखं झालेलं. आणि कपाची बाहेरची बाजू तुम्ही म्हणता तशीच आहे, चकाकते आणि बारीक रेघा आहेत गोल, एका ठिकाणी तर नख अडकतं. फिटरला कपाचं विचारलं तर म्हणाला कोन पण स्पिंडलवर (हबच्या आतल्या दांड्यावर) हाताने सरकतो मग कप थोडा ढिला असला तर काय बिघडतं.

लेथवाला_अण्णा

नाही. हे दोन वेगळे आहेत. पुढचं चाक म्हणजे हब फिरतो आणि स्पिंडल जागेवर असतो. वजन स्पिंडलच्या एकाच बाजूवर येतं, म्हणून कोन तिथे हाताने सरकेल असाच ठेवतात, तो हळूहळू जागा बदलत राहिला तर उलट झीज सगळीकडे सारखी होते. कप मात्र हबबरोबर फिरतो, वजन त्याच्या सगळ्या घेरावरून फिरत जातं, म्हणून तो हबमध्ये ठोकूनच बसला पाहिजे. अंगठ्याने दाबून आत गेला तर तो हब गेला असं समज. एकदा कधीतरी बेअरिंग जाम झालं असणार, त्याने कपाला हबमध्ये फिरवलं, हबचं भोक घासून मोठं झालं, आणि तेव्हापासून तू टाकलेलं प्रत्येक नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून ढिलं बसतंय.

हब उघडशील तेव्हा भोकात पंचचे ठिपके आहेत का बघ. पुष्कळ ठिकाणी करतात, भोकात पंच मारून धातू वर आणायचा आणि त्यावर कप घट्ट बसवायचा. बसतो घट्ट, पण चार ठिपक्यांवर टेकतो, बाकी सगळीकडे पोकळ. लोड आला की ठिपके दबले, कप वाकडा आणि परत ढिला.

पण पहिल्यांदा जाम का झालं हे अजून राहिलंच. निळा रंग कुठून आला?

घाटमाथा_७७

ब्रेक बघा ब्रेक. मी कसारा घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवतो, निळं बेअरिंग म्हटलं की माझं पहिलं बोट कॅलिपरकडे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाकडे, जातं. घाट उतरून खाली सपाटीला आलात की थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा, गाडी कडेला घ्या आणि दोन्ही पुढच्या चाकांवर पाण्याचे चार थेंब टाका. एका बाजूला चर्रर्र झालं आणि दुसऱ्या बाजूला नाही तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. हात लावायचाच असेल तर उलट्या पंजाने लांबून अंदाज घ्या, डिस्कला अजिबात हात लावू नका, कातडी चिकटेल.

मग जॅक लावून चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरची ब्लीड निप्पल (ब्रेक ऑइल सोडायची छोटी निप्पल) सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं म्हणजे प्रेशर अडकून पडतंय, बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजलेली असते, पायाच्या जोराने ऑइल जातं पण परत येत नाही. निप्पल सोडूनही जडच राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिना जाम आहेत. पॅड काढून बघा, आतला जास्त झिजलेला आणि बाहेरचा कमी, किंवा एकच पॅड तिरका पाचरीसारखा झिजलेला असेल तर पिना.

आणि उतारावर गियर खाली टाकून उतरा. भरलेली गाडी चौथ्यात सोडून ब्रेकवर पाय ठेवून माळशेज उतरणारे बघितलेत मी, खाली आल्यावर वास येत असतो.

विदर्भ_फॅब्रिकेशन

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बॉडीला वेल्डिंग केलंय का मधे? कॅरेटसाठी जाळी वाढवली, फाळका बदलला वगैरे? अर्थची क्लॅम्प चाकाला किंवा हबला लावून वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि कपावर धोबीघाटाच्या दगडासारख्या आडव्या रेघा पडतात. अर्थ नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळ लावायचा आणि बॅटरीची वायर काढून ठेवायची. यांच्या केसमध्ये निळं आहे म्हणजे हे नसेल, पण वाचणाऱ्याला उपयोगी पडेल.

पुणेरी_पाना

रिमला स्पेसर किंवा बाहेर आलेले रुंद रिम आहेत का? तसं असेल तर चाक बाहेर सरकतं आणि बाहेरच्या लहान बेअरिंगवर ताण वाढतो. बाकी अण्णांनी लिहिलंय ते बरोबर.

ओतूरचा_टोमॅटोवाला

रिम कंपनीचेच आहेत, वेल्डिंग पण नाही. काल माल खाली करून येताना मोकळ्या गाडीत बघितलं, तरी डावं चाक गरम आणि उजवं कोमट. थेंब टाकले तर डावीकडे लगेच उडाले. आज दुसऱ्या मेस्त्रीकडे बसून समोर खोलून घेतलं.

निप्पल सोडली, चाक मोकळं झालं नाही, म्हणजे होज नाही. कॅलिपर काढला तर खालची पिन हलेचना, पाना लावून फिरवून फिरवून काढावी लागली, गंजून खडबडीत झालेली आणि तिचं रबर फाटलेलं. आतला पॅड पाचरीसारखाच झिजलाय. हब काढला, कपाला फक्त लाकडाचा ठोकळा लावून हलका ठोका दिला, टपकन खाली पडला. भोकात पंचचे ठिपके आहेत, वरखाली दोन ओळी. सगळं अगदी तुम्ही लिहिलं तसंच. मेस्त्री म्हणतो लेथवर भोक मोठं करून आत बुश (धातूचं कडं) मारू, नवीन हबपेक्षा स्वस्तात होईल. मारू का?

लेथवाला_अण्णा

माझा धंदाच बुश मारायचा आहे, तरी पुढच्या चाकाला मारू नकोस असंच सांगीन. हबची भिंत पातळ होते, दोन्ही कपांची भोकं एका रेषेत राहतीलच याची खात्री साध्या लेथवर, घाईत, कोण देणार? ट्रॉलीचं चाक असतं तर मारला असता. तुझी भरलेली गाडी घाट उतरते. नवीन हब घे, नाहीतर चांगल्या अवस्थेतला जुना हब घे, पण भोक मोजून, आणि कप ठोकल्याशिवाय जात नाही हे डोळ्याने बघून. स्पिंडल पण बघ, सील जिथे घासतं तिथे चर पडली असेल तर नवीन सील टाकून पण पाणी आत जाणार. निळं पडलं असेल किंवा कोन डगमगत असेल तर तोही बदलावा लागेल.

ओतूरचा_टोमॅटोवाला

स्पिंडल चांगला आहे, नखाला काही लागत नाही. नवीन हब, दोन्ही बेअरिंग कपासकट, सील, पिना, रबर, पॅड दोन्ही बाजूचे घेतो मग. नट किती कसायचा ते सांगा, दर वेळेला वेगळं ऐकतो.

लेथवाला_अण्णा

मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असेल तर तोच. नसेल तर रीत अशी. आधी कप पूर्ण तळाला बसलाय का बघ, ठोकताना आवाज बदलतो, भरीव होतो, तरी पातळ फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून बघ, शिरता कामा नये. मग हब चढवून चाक हाताने फिरवत फिरवत नट चांगला कस, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल कर. मग परत चाक फिरवत नुसत्या बोटांच्या जोराने टेकव. कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालतात ती) भोक जुळत नसेल तर पुढे कसून जुळवू नकोस, मागे सोडून जुळव. शेवटी अगदी किंचित प्ले (हलायची मोकळीक) राहिला पाहिजे, डायल गेजवर ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या मधे, हाताला जवळपास कळणारच नाही इतका. पुष्कळ फिटर प्ले अजिबात नको म्हणून लांब पान्याने आवळून टाकतात, गरम झाल्यावर ते आणखी घट्ट होतं आणि रोलर भाजून निघतात. कॉटर पिन नवीनच.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबर, डिस्क ब्रेकच्या व्हील बेअरिंगला चालेल असं डब्यावर लिहिलेलं. चासीचं स्वस्त कॅल्शियम ग्रीस तिथे नको, ते १०० डिग्रीच्या आसपासच पातळ होऊन वाहतं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढ, दोन जातीची मिसळू नकोस. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंग त्यावर दाबत दाबत रोलरच्या वरच्या फटीतून ग्रीस बाहेर आलं पाहिजे. हबची पोकळी मात्र गच्च भरायची नाही, तिसरा हिस्सा ते अर्धी पुरे, जास्त भरलं की तेच घुसळून गरम होतं.

घाटमाथा_७७

पिनांना हे बेअरिंगचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि परत जाम. ब्रेकच्या पिनांचं सिलिकॉनचं ग्रीस छोट्या पुडीत मिळतं. आणि वॉशिंगला गाडी लावली की त्या पोराला सांगा, प्रेशरची नळी हबच्या आतल्या बाजूला सीलवर रोखायची नाही.

ओतूरचा_टोमॅटोवाला

मंडळी, बसवून घेतलं सगळं, मी स्वतः बाजूला उभा होतो. या कपाला ठोकून ठोकून खाली न्यावं लागलं, मागच्या वेळेला दोन ठोक्यात गेला होता. काल ऐंशीच कॅरेट भरून, तिसऱ्या गियरमध्ये माळशेज उतरलो, खाली थेंब टाकून बघितले, दोन्ही बाजू सारख्याच कोमट. आवाज नाही. अण्णा आणि घाटमाथावाले, खरंच मनापासून आभार, इतकं खोलात जाऊन कोण सांगतं हल्ली. उजव्या बाजूचं काही करू का आता? तिथला ब्रेक बरोबर आहे.

लेथवाला_अण्णा

उजवं चालतंय म्हणून सोडू नकोस, ग्रीस कंपनीतून आलं तेच असेल, एवढ्या वर्षांनी काय राहिलं असणार त्यात. खोल, धू, नवीन ग्रीस आणि नवीन सील, बेअरिंग चांगलं असेल तर तेच घाल, पण कोन आणि कप ज्याचा त्यालाच. तिकडच्या पिना पण काढून बघ. आणि डाव्या बाजूचा प्ले हजारेक किलोमीटरनंतर एकदा जॅक लावून तपास, नवीन बेअरिंग बसतं थोडं. खटखट लागली तर आधी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि तेव्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, तरीही राहिली तर बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनचा सांधा.

ओतूरचा_टोमॅटोवाला

सोमवारी बाजार बंद असला की उजवं खोलतो. ब्रेक दाबून बघायचं हे माहीतच नव्हतं, फिटरने पण कधी केलं नाही.