अंतर्गत वेब ॲप्ससाठी व्हीपीएन पुरे, की झिरो ट्रस्ट हवंच?

उंबरठा

क्लाउडवर चालणारी कंपनीची अंतर्गत वेब ॲप्स, म्हणजे रजेचं पोर्टल, मॉनिटरिंगचे डॅशबोर्ड, ॲडमिन पॅनल वगैरे. तिथवर पोचायला बहुतेक ठिकाणी अजून आधी व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कपर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा) लावावं लागतं. माझं मत: वेब ॲप्सपुरतं व्हीपीएन काढून टाका आणि प्रत्येक ॲपपुढे ओळख तपासणारा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, बसवा.

माणसाला हवा असतो एक डॅशबोर्ड आणि व्हीपीएन त्याच्या हातात बहुतेक वेळा अख्खा सबनेट, म्हणजे नेटवर्कचा एक पूर्ण भाग, देतं. एकदा आत आलेल्याला पुढे फारसं कोणी अडवत नाही. मे २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तो एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. खातं कोणी वापरत नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्यावर एमएफए (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) नव्हतं.

कल्पना नवी नाही. फॉरेस्टर या संशोधन कंपनीतल्या जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये तिला 'झिरो ट्रस्ट', म्हणजे कोणावरही आपोआप विश्वास न ठेवणं, हे नाव रुळवलं. आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून विश्वास ठेवायचा, हा नियमच गूगलने मोडीत काढला आणि २०१४ पासून 'बियाँडकॉर्प' नावाने त्यावर लेख लिहिले. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेचा यावरचा ८००-२०७ हा दस्तऐवज ऑगस्ट २०२० चा.

मांडणी साधी आहे. ॲपला पब्लिक आयपी द्यायचाच नाही. प्रायव्हेट सबनेटमध्ये एक छोटा कनेक्टर चालवायचा, तो आतून बाहेर प्रॉक्सीशी जोडणी उघडतो, त्यामुळे बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. ब्राउझर प्रॉक्सीकडे येतो, प्रॉक्सी त्याला आयडेंटिटी प्रोव्हायडरकडे (कंपनीची खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेकडे) लॉगिनला पाठवतो, आणि माणूस कोणत्या गटात आहे, लॅपटॉप कंपनीचा आहे का, डिस्क एन्क्रिप्ट आहे का, हे बघून त्या एका ॲपपुरती परवानगी देतो.

जुनाखोड

सहमत नाही. विश्वास शून्य होत नाही, तो फक्त जागा बदलतो. आधी नेटवर्कवर होता, आता आयडेंटिटी प्रोव्हायडरवर आणि प्रॉक्सी पुरवणाऱ्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या आयडेंटिटी प्रोव्हायडरच्याच ग्राहक-मदत यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ग्राहकांनी अडचण दाखवायला पाठवलेल्या फायलींमध्ये सेशन टोकन (चालू लॉगिनचे पुरावे) होते, ते चोरांच्या हाती लागले. पासवर्डही नको आणि एमएफएही नको, थेट चालू सेशन.

उपलब्धतेचं काय? १८ नोव्हेंबर २०२५ ला असाच प्रॉक्सी पुरवणारं क्लाउडफ्लेअर बंद पडलं तेव्हा त्यांच्या ॲक्सेस सेवेतून नवीन लॉगिन होत नव्हते. ॲप ठणठणीत, डेटाबेस ठणठणीत आणि तरीही आपलीच माणसं बाहेर. शिवाय टीएलएस, म्हणजे ब्राउझरपासूनचं एन्क्रिप्शन, त्या प्रॉक्सीवर उलगडतं, म्हणजे आतल्या पगारपत्रकांपासून सगळं तिसऱ्याच्या यंत्रावर क्षणभर का होईना उघडं. माझं व्हीपीएन माझ्या ताब्यात आहे.

उंबरठा

@जुनाखोड, टीएलएसचा मुद्दा खरा आहे. ज्यांना तो चालणारच नाही त्यांनी प्रॉक्सी स्वतः चालवावा, मुक्त स्रोतात चांगले पर्याय आहेत. पण "माझ्या ताब्यात" हे मला पटत नाही. व्हीपीएनची पेटी इंटरनेटकडे तोंड करून बसलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टीच्या व्हीपीएन उपकरणांतल्या त्रुटींवर हल्ले होत असल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना ती उपकरणं नेटवर्कपासून तोडायलाच सांगितलं. मुदत जेमतेम दोन दिवसांची.

आणि सप्टेंबर २०२२ चं उबरचं प्रकरण बघा. कंत्राटदाराला एमएफएच्या सूचना येत राहिल्या, शेवटी त्याने एक मान्य केली. इथवर दोष ओळखीच्या बाजूचा, मान्य. पण पुढे नुकसान कशाने वाढलं? आतल्या नेटवर्कवरच्या एका शेअरमध्ये (सामायिक फोल्डरमध्ये) स्क्रिप्ट पडली होती आणि तीत ॲडमिनचा पासवर्ड होता. त्या खात्याला एकदोन ॲप्सच दिसली असती तर तो शेअर दिसलाच नसता. लॉगिनसाठी फिडो२ मानकाची सुरक्षा-की किंवा पासकी वापरा. ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या पानावर चालत नाही, आणि नुसतं 'मान्य' दाबण्याचा प्रश्नही उरत नाही.

पॅकेटवाचक

दोघेही दाराबद्दल बोलताय, मला बाजूच्या भिंतीची काळजी आहे. मी अशा मांडण्या तपासते, तेव्हा पहिली गोष्ट हीच बघते: प्रॉक्सी टाळून ॲपपर्यंत जाता येतं का?

नेहमीचं चित्र असं. प्रॉक्सी नवा बसवला, पण जुना लोड बॅलन्सर (ॲपकडे येणाऱ्या विनंत्या वाटणारा सर्व्हर) पब्लिकच राहिला आणि डीएनएसमध्ये त्याची जुनी नोंद अजून आहे. किंवा तो बंद केला, पण त्याच व्हीपीसीतल्या (क्लाउडमधल्या खाजगी नेटवर्कमधल्या) कुठल्याही मशीनवरून ॲपचा पोर्ट लागतो. मग कर्ल या कमांडने एक विनंती पाठवायची, हेडरमध्ये 'वापरकर्ता: ॲडमिन' असं स्वतःच लिहायचं, आणि ॲप मुकाट्याने ॲडमिनचं पान देतं. कारण ॲपला वाटतं, हे हेडर प्रॉक्सीनेच घातलंय. म्हणजे विश्वास पुन्हा नेटवर्कवरच!

क्लाउडफ्लेअर ॲक्सेस, गूगलचं आयएपी, एडब्ल्यूएस व्हेरिफाइड ॲक्सेस हे तिन्ही प्रॉक्सी सही केलेला जेडब्ल्यूटी (वापरकर्त्याची ओळख सांगणारा टोकन) ॲपकडे पाठवू शकतात. तो ॲपने स्वतः तपासायला हवा. सही तपासा, कोणी दिला ते बघा, मुदत बघा, आणि 'ऑडियन्स', म्हणजे तो कोणत्या ॲपसाठी दिलाय, ते बघा. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. मग रजेच्या पोर्टलसाठी दिलेला टोकन पगाराच्या ॲपवर चालतो, कारण सही तर खरीच असते. सही तपासायच्या पब्लिक की कोडमध्ये चिकटवू नका, त्या बदलत असतात.

एवढं करायची तयारी नसेल तर जुनाखोड यांचं व्हीपीएन बरं, असं मी मनापासून म्हणते.

कोरीपाटी

आम्ही मोजकी माणसं, चारपाच ॲप्स. वायरगार्ड हे व्हीपीएन लावलंय, प्रत्येकाची की वेगळी, आणि कोणत्या कीला कोणता आयपी-पोर्ट ते फायरवॉलमध्ये लिहिलंय. अख्खा सबनेट कोणालाच दिसत नाही. आम्हाला हे सगळं कशाला?

उंबरठा

@कोरीपाटी, मग अर्धं काम तुम्ही केलंच आहे. राहतं एवढंच की वायरगार्डला की कळते, माणूस कळत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर की काढेपर्यंत तो आत आहे. आणि उद्या ऑडिटरने विचारलं की हा अहवाल कोणी उघडला, तर तुमच्या लॉगमध्ये आयपी सापडेल. ही गरज नसेल तर घाई नको.

रात्रपाळी

ज्यांना रात्री फोन येतात त्यांच्या बाजूने बोलतो. ब्राउझरसमोर माणूस असतो तेव्हा हे छान चालतं. पण वेबहुक (दुसऱ्या सेवांकडून आपोआप येणाऱ्या विनंत्या), ठरलेल्या वेळी चालणारे जॉब, मोबाइल ॲपची एपीआय, यांना लॉगिनचं पान दाखवून उपयोग नाही. अपेक्षित जेसन डेटाच्या जागी एचटीएमएलचं पान येतं आणि जॉब पडतो. मग कोणीतरी घाईत एपीआयच्या मार्गाला 'बायपास' देऊन मोकळं होतं. ॲपचा सगळा डेटा त्याच मार्गावर असतो! यंत्रांना वेगळे सर्व्हिस टोकन द्या, त्यांना मुदत घाला, पण बायपास नको.

दुसरं, नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं आयडेंटिटी प्रोव्हायडरवर बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका. प्रॉक्सीचं सेशन वेगळं, ॲपची स्वतःची कुकी वेगळी. दोन्हींची मुदत संपेपर्यंत तो आत असू शकतो. सेशन रद्द करणं ऑफबोर्डिंगच्या यादीत हवंच.

आणि आणीबाणीचा रस्ता आधी तयार ठेवा. तो आयडेंटिटी प्रोव्हायडरवर अवलंबून नको, वापरला की सगळ्यांना अलर्ट जायला हवा, आणि अधूनमधून चालवून बघायला हवा.

जुनाखोड

@रात्रपाळी, हा आणीबाणीचा रस्ता म्हणजे माझं व्हीपीएनच झालं की. डेटाबेस क्लायंट आणि एसएसएचसाठीही (सर्व्हरवर दुरून लॉगिनसाठी) बहुतेक जण ते ठेवतातच. मग दोन यंत्रणा, दोन ठिकाणी पॉलिसी, दोन्हींचे पॅच. हे ओझं धाग्यात कोणी मोजलेलं नाही.

उंबरठा

एसएसएच आणि डेटाबेसही आता याच पद्धतीने देता येतात, पण एका फटक्यात सगळं बदला असं मी म्हणत नाही. सुरुवात बिनमहत्त्वाच्या ॲपपासून करावी, पॉलिसी आधी नुसत्या लॉगपुरत्या (कोणाला न अडवता, फक्त नोंद ठेवत) चालवून बघाव्यात.

पॅकेटवाचक

इथे माझा विरोध आहे. बिनमहत्त्वाच्या ॲपपासून सुरुवात केली की प्रकल्प तिथेच रेंगाळतो आणि ॲडमिन पॅनल जुन्या सबनेटमध्येच राहतं. लॉगपुरती पॉलिसी जरूर चालवा, पण ॲडमिन पॅनलवर. त्याचे वापरकर्ते थोडे, तांत्रिक, आणि काही अडलं तर लगेच सांगणारे असतात. आधी ते घ्या, रजेचं पोर्टल थांबेल.

जुनाखोड

या एका गोष्टीवर माझं मत पॅकेटवाचक यांच्या बाजूने. व्हीपीएन मात्र मी बंद करत नाही.