टिश्यूची (प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांची) केळी: ट्रेमधलं रोप आणून घरी वाढवावं की पिशवीतलंच घ्यावं?

रावेरवाला
पिशवीतलं रोप घेणं म्हणजे नर्सरीवाल्याच्या मातीला भाडं देणं, असं माझं मत. ट्रेमधलं बोटभर रोप आणा, माती-वाळू-शेणखताच्या पिशव्या स्वतः भरा, शेडनेटखाली दीड-दोन महिने सांभाळा, पाच-सहा पानांवर आलं की शेतात. 6 बाय 5 फुटांवर एकरी 1452 झाडं बसतात. तेवढे ट्रे पिकअपमध्ये सहज मावतात. पिशव्यांना मोठी गाडी लागते, वर हमाली, आणि कित्येकींचा मातीचा गोळा वाटेतच फुटतो. गेल्या साली मी ट्रेच आणले, बाग एकसारखी निसवली, सगळ्या झाडांचे घड एकदमच बाहेर पडले.

यावलकर
भाऊ, तुमच्याकडे शेडनेट आहे, विहिरीला पाणी आहे, वडील दिवसभर मळ्यात असतात. ते लिहायचं राहिलं का? मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बागेसाठी, जूनमध्ये लागवड करायची तर ट्रे येणार एप्रिलअखेर, म्हणजे 44-45 डिग्रीत. मीही हा उद्योग केलाय. दुपारी लाइट गेली, धुक्यासारखं पाणी फवारणारे फॉगर बंद, मी भुसावळला लग्नात. संध्याकाळी येऊन बघतो तर रोपं उन्हातल्या कोथिंबिरीसारखी पडलेली. निम्मी गेली. शेवटी नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला पिशवीतलीच आणली, तीही उशिरा. मग बाग पुढेमागे निसवली आणि कापणी रेंगाळली. चाळीस घडांसाठी कुठला व्यापारी गाडी पाठवतो?

नर्सरीतली ताई
सहा वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहिते. प्रयोगशाळेतल्या बाटलीत रोप साखरेवर आणि पूर्ण ओलाव्यात वाढतं. तिथल्या पानांवर मेणाचा थर नीट नसतो, पाणी धरून ठेवायची सवय नसते. ट्रेमध्ये ती सवय निम्मीच लागते, उरलेली पिशवीत. यावलकर दादांची रोपं मधल्या टप्प्यावर सापडली. कुणी ट्रे घेणारच असेल तर पोंगा (मधलं गुंडाळलेलं पान) धरून रोप उपसू नका. ट्रेच्या खालच्या भोकातून बोटानं ढकला. कोकोपीटचा गड्डा अख्खा निघाला आणि भोवती पांढरी मुळं दिसली तर घ्या. मुळं तपकिरी असतील किंवा गड्डा भुगा होऊन पडला तर ट्रे परत करा, भिडेखातर ठेवू नका. आणि प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था 2006 पासून आहे, त्यात विषाणूची तपासणी येते.

अर्धापूरकर
एवढा खटाटोप कशाला? आमचे वडील मुनवे, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं, काढून लावायचे, फुकट.

रावेरवाला
फुकट मुनव्याबरोबर सोंडकिडा आणि सूत्रकृमीही फुकट येतात, काका.
ताई, पटलं. मृगाचा हट्ट सोडतो. पण कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीला, ट्रे ऑगस्टमध्ये येतात. हवा दमट, ऊन नाही, फॉगरही लागत नाही. तिथं यावलकरांची अडचण काय?

यावलकर
हरण्या! केळीचा विषाणूरोग. पावसाळी ढगाळ हवेतच तो उसळतो. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि तुमच्या बांधाला काकडी नि मिरची आहे, दोन्हींवर तो विषाणू राहतो. तुमची शेडनेट ऊन अडवते, मावा नाही. कोवळ्या रोपाला लागला की औषध नाही, उपटून गाडायचं.

नर्सरीतली ताई
हे मात्र खरं. आम्ही बाजूंनी 40 मेशची (बारीक भोकांची) कीडरोधक जाळी लावायचो, आत शिरायला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

रावेरवाला
म्हणजे जाळीचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी पिशवीच स्वस्त. दुसऱ्या वर्षापासून माझं गणित परत जमतं. काकडी या वेळी लावत नाही, मिरचीचं घरात विचारावं लागेल.

यावलकर
ऑगस्टमध्ये ट्रे आले की कळवा, बघायला येतो. पिशव्या भरायला नाही.