मदत हवी आहे: ट्रॅक्टोग्राफीत (स्कॅनवरून मेंदूतले तंतूंचे मार्ग काढणं) हाताकडचे तंतू दिसतच नाहीयेत

मंडळी, ब्रेनच्या डिफ्युजन एमआरआयवर (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा शोधणारं स्कॅन) काम केलेलं कोणी आहे का इथे? डेटा 30 दिशांनी मोजलेला, बी-व्हॅल्यू (स्कॅन त्या हालचालीला किती संवेदनशील आहे ते) 1000. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टचे (मेंदूकडून मज्जारज्जूकडे हालचालीचे संदेश नेणारा मार्ग) पायाच्या भागाकडचे तंतू मस्त सरळ वर जातात पण हात नि चेहऱ्याकडे वळणारे मधेच गायब, एफए (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेने होते त्याचं माप) पण तिथे धपकन पडतो. कॉर्पस कॅलोसमचे (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) तंतू तिथेच आडवे जातात आणि टेन्सर (दिशा काढायचं साधं मॉडेल) एका व्हॉक्सेलला (स्कॅनचा एक छोटा ठोकळा) एकच दिशा देतो, म्हणजे मेंदू ठीकठाक आहे, मॉडेलच तोकडं पडतंय (निदान मला तरी तसंच वाटतंय). सीएसडी (एका व्हॉक्सेलमध्ये अनेक दिशा ओळखणारं मॉडेल) लावावं तर त्याला बी 2500-3000 असलेलं बरं. एलमॅक्स (सीएसडी किती बारकाईने दिशा वेगळ्या करतं ते ठरवणारा आकडा) 6 ला 28 कोएफिशियंट लागतात, 30 दिशांमध्ये कसंबसं बसतं, पण त्यावर भरवसा ठेवायचा का? की सरळ नवीन स्कॅनच मागू?