वन बीएचके, बाल्कनी नाही: ओल्या कचऱ्याच्या खतासाठी कुठला डबा घेऊ?

ग्रिलमधली_तुळस
नमस्कार मंडळी. कांदिवलीला चौथ्या मजल्यावर राहतो, चार माणसं, बाल्कनी नाही, किचनच्या खिडकीला फक्त ग्रिल आहे. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, देवाची फुलं रोज डब्यातून खाली जातात आणि तिथून डंपिंगला, हे आता बघवत नाही. घरीच खत करायचंय. बजेट १५०० रुपये, त्याच्या वर नाही. वास नको कारण सासूबाईंचं देवघर किचनमध्येच आहे, आणि किडे नकोत. आठवड्यातून दोनदा मासे असतात, त्याचं काय करता तेही सांगा. कुठला डबा घेऊ?

वरळीकर_अ
सरळ इलेक्ट्रिक मशीन घ्या. आम्ही घेतलंय, रात्री टाकायचं, सकाळी भुगा तयार. चिकनची हाडंसुद्धा जातात, वास शून्य. पंचवीसेक हजार जातात पण एकदाच खर्च, कटकट संपली.

पालापाचोळा
अहो त्यांनी १५०० म्हटलंय. आणि त्या मशीनमधून निघतो तो वाळवलेला चुरा असतो, खत नाही. तो तसाच कुंडीत घातला आणि पाणी पडलं की बुरशी धरतो, मातीत मिसळून काही आठवडे मुरवावाच लागतो. त्यात वीज वेगळी.

वरळीकर_अ
आमची गुलाबाची झाडं बघायला या एकदा.

मुलुंड_पूर्व
मी वेगळं बोलतो. आम्ही वर्षानुवर्षं ओला-सुका वेगळा करून देतोय आणि खाली गाडीत दोन्ही एकत्र पडताना डोळ्यांनी बघितलंय. मग कशाला करायचं? मुलुंडचं डंपिंग २०१८ ला बंद झालं तोवर तो वास आम्ही सोसलाय, खिडक्या लावून जेवायचो.

पालापाचोळा
म्हणून तर घरी जिरवायचा ना दादा! देवनारच्या डंपिंगला १९२७ पासून कचरा पडतोय. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि मिथेन हा पेट घेणारा वायू होतो. जानेवारी २०१६ ची आग आठवते? धूर दिवसेंदिवस होता. तीच भाजीची सालं घरात हवा लागून कुजली तर मिथेन जवळपास होतच नाही. गाडीवाल्याने काय केलं त्यावर आपलं अडत नाही मग.

शिवाजीपार्क_आजी
ग्रिलमधली_तुळस, बाळा, मातीचं घे. प्लॅस्टिकच्या नादी लागू नकोस. धारावीच्या कुंभारवाड्यातून दोन मोठे माठ आण, बाजूला भोकं पाडून देतात सांगितलं की. माती श्वास घेते, पाणी साठत नाही. एक भरला की झाकून ठेवायचा, दुसरा सुरू. पावसाळ्यात मात्र आडोशाला हं.

चारकोप_सेक्टर
माठ चौथ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये नको! ओला कचरा भरल्यावर वजन बघा किती होतं, खाली लोक चालतात. आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत कुंडी पडली होती, नशिबाने खाली कोणी नव्हतं. आम्ही तीन मजली प्लॅस्टिक बिन ऑनलाइन घेतला, खाली नळ आहे, पाणी काढून दहापट पाणी घालून झाडांना देतो. ३२०० ला पडला पण मस्त.

नवीन_सदस्य_ठाणे
+१ तीन मजली बिन. आमच्याकडे पण तोच आहे.

कोळीवाडा_कट्टा
माशांबद्दल कोणी बोललंच नाही. मासे कोळणीकडूनच साफ करून आणायचे, घरात फक्त काटे आणि कोलंबीची टरफलं राहतात. ती साध्या खतात घालायची नाहीत, उंदीर आणि मांजर वासावर येणार म्हणजे येणार. डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी यायच्या वेळेला ओल्या कचऱ्यात द्या. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घाला, पानं बघा कशी येतात.

वरळीकर_अ
मशीनमध्ये काटेपण जातात.

अंधेरी_टेरेस
सगळे डब्यावर भांडताय, डबा कुठलाही चालतो. खरं काम सुक्या पाल्याचं असतं. वास येतो कारण आतला कचरा फार ओला झालेला असतो आणि हवा पोचत नाही. एक वाटी ओलं टाकलं की निदान तेवढाच, जमलं तर दुप्पट सुका पाला वर टाका. पाला विकत घ्यायचा नाही, सोसायटीत बदामाची पानं झाडणारे काका पोतं भरून देतील. नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किंवा सुताराकडचा भुसा, पण प्लायवूडचा नको. सालं बारीक चिरा. अधूनमधून वरखाली करा. मूठभर घेऊन दाबून बघा: बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं तर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा, ताकाने कुजायला वेग येतो. फळमाश्या झाल्या तर वरचा पाल्याचा थर जाड करा आणि थोडी नीमपेंड (निंबोळीची पेंड) टाका. मुंग्या आल्या म्हणजे कोरडं झालंय. पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की पाला तिप्पट लागेल, तो मे महिन्यातच भरून ठेवा. दोन-तीन महिन्यांत काळं, मोकळं होतं आणि पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो, तेव्हा झालं समजायचं.

मुलुंड_पूर्व
हे सोसायटीनेच करायला पाहिजे. महापालिकेने २०१७ सालीच मोठ्या सोसायट्यांना सांगितलंय, रोज १०० किलोच्या वर कचरा असेल तर ओला तिथेच जिरवा म्हणून. आमच्या कमिटीला दर मीटिंगला सांगतो, विषय पुढच्या मीटिंगला जातो.

नवीन_सदस्य_ठाणे
कचऱ्याच्या डब्याला कंपोस्टेबल पिशवी लावा, ती पण खतात जाते.

पालापाचोळा
नाही जात. त्या पिशव्या कारखान्यातल्या खताच्या उष्णतेत विरघळायला बनवलेल्या असतात, घरच्या डब्यात तशीच्या तशी निघते. वर्तमानपत्राची घडी लावा, तोच कागद नंतर सुकं म्हणून आत टाकता येतो.

शिवाजीपार्क_आजी
माठाइतकं चांगलं काही नाही, मी परत सांगते.

ग्रिलमधली_तुळस
सगळ्यांचे मनापासून आभार, आजी तुमचेही. वजनाचं वाचून ग्रिलचा विचार सोडला. विकत काहीच घेत नाहीये. सासूबाईंचा तांदळाचा जुना प्लॅस्टिकचा ड्रम आहे, झाकण तुटलेलं, भंगारात द्यायचा होता. त्याला भोकं पाडून, वर गोणपाट बांधून सिंकखाली ठेवतेय. बदामाच्या पानांसाठी काकांशी बोलले, रविवारी एक पोतं देणार आहेत. सासूबाई म्हणाल्या देवाची फुलं आधी त्यात घाल, म्हणजे त्यांची परवानगी मिळाली! खर्च फक्त नीमपेंडीचा. मासे कोळीवाडा_कट्टा म्हणतात तसे.

चारकोप_सेक्टर
सिंकखाली नको हो, झुरळं होतील. बिनच घ्या.

अंधेरी_टेरेस
होऊ दे सुरू. भोकं तळालाही पाड, खाली दोन विटा आणि ताट ठेव म्हणजे पाणी साचणार नाही. तळाशी चार बोटं पाला अंथरूनच पहिली सालं टाक.